देवीला बोललेलं म्हावरं

मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे माणूस बारीक झालं की ते माझ्या डोळ्यांच्या आधी माझ्या टेपला कळतं. रत्नागिरीत माझं छोटं दुकान आहे आणि आईचे ब्लाऊज दुसऱ्या कुणी शिवलेले मला खपत नाहीत. गौरी-गणपती उरकल्यावर तिला नवीन ब्लाऊज घालून बघायला लावला, तर दंडात माझी दोन बोटं आरामात फिरली.

"हे काय गो? जेवतेस का नुसतीच वाढतेस?" मी विचारलं.

"तुझंच माप चुकलं असेल," ती म्हणाली.

माझं माप! भल्याभल्यांच्या लग्नातले ब्लाऊज मी एका फिटिंगमध्ये बसवते आणि जन्मदात्या आईचं माप चुकेन? मी तिला तिथंच उभी करून परत मोजली. दंड, छाती, कंबर, सगळीकडून आई कमी झाली होती. तोंडावर मी चिडचिड केली, पण आतून घाबरले. वय झालेलं माणूस आटायला लागलं की कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. आईला परत भरायची कशी, एवढा एकच विचार तिथून पुढे माझ्या डोक्यात राहिला.

याची सुरुवात झाली होती बाबांच्या काविळीपासून. बाबा उन्हाळ्यात आजारी पडले. माझं माहेर मालगुंडच्या पुढे, जयगडच्या रस्त्याला. घरात दोघंच. बाबा आयुष्यभर बोटीवर होते, म्हणजे मालवाहू जहाजांवर खलाशी. निवृत्त झाल्यावर कलमं लावून घरी बसले. एक दिवस आईचा फोन आला, "तुझ्या बाबांचे डोळे हळदीसारखे झालेत, ये लवकर." मी स्कूटर काढली ती आरे-वारेच्या रस्त्याने सुसाट. त्यांना रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलं, सलाईन झाली, रक्त तपासलं. काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं आणि सांगितलं, धोका टळला. धोका टळला खरा, पण बाबांची भूक गेली ती गेलीच. पेजेची वाटी समोर ठेवली तरी तोंड फिरवायचे.

मग डॉक्टरांना विचारून मी त्यांना आमच्या गल्लीतल्या वैद्यबाईंकडे नेलं. बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, माझ्याच गिऱ्हाईक, पण पेशंट समोर बसला की घाई म्हणून करणार नाहीत. त्यांनी बाबांची जीभ बघितली, नाडी बघितली आणि मग औषध बाजूलाच ठेवून जेवणाचं विचारायला बसल्या. सकाळी उठल्यावर काय लागतं, भात कुठला, आमटी कसली, बोटीवर काय खायचात. बाबा म्हणाले, "बोटीवर समोर येईल ते. पाव, बटाटा, उकडलेल्या शेंगा, कुठल्या कुठल्या देशातलं काय काय. नाही म्हणून सांगणार कोणाला?" त्यावर बाई हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या पोटाला सगळ्याची ओळख आहे. बरं आहे. चूल थंड झालीय तेवढी, हळूहळू पेटवू. ओली लाकडं एकदम घालायची नाहीत."

पथ्य ठरलं ते असं: उकड्या तांदळाची पातळ पेज, जिरं घातलेलं मुगाचं कढण, पडवळ, दुधी, भिजवलेल्या मनुका, दुपारी ताजं गोडं ताक. तेल, मिरची, लोणचं, पापड बंद. कुळीथ बंद. आणि म्हावरं, म्हणजे मासळी, अजिबात नाही, त्या परत सांगेपर्यंत. जेवण गरम, भूक लागली की लगेच, आणि पोट थोडं रिकामं ठेवून.

म्हावऱ्याचं ऐकल्यावर बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बोटीवरून सुट्टीवर येताना हा माणूस मुंबईहून फोन करायचा तो आमची खुशाली विचारायला नाही, बांगडे मिळतायत का ते विचारायला. दारात बॅग टेकवून आधी स्वयंपाकघरात जायचे. आईच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि भात, मग बाकीचं जग. पण आईने त्या दिवशी पदर खोचला आणि बाबांचा स्वयंपाक असा काही सांभाळला की बोलायची सोय नाही. पेज मऊ शिजली नाही तर परत चुलीवर. मुगाचं कढण गाळून. बाबा कुरकुरले की म्हणायची, "गुपचूप गिळा. म्हावरं कुठे पळून जात नाय." आणि हळूहळू बाबा खायला लागले. आधी निम्मी वाटी, मग पूर्ण, मग "अजून आहे का?" ज्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं, त्या दिवशी आईने मला दुकानात फोन करून सांगितलं. गिऱ्हाईक समोर होतं तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

या सगळ्यात आई काय जेवते हे कुणी बघितलंच नाही. बघायचं कारणही नव्हतं. आमच्याकडे घरात एकाला पथ्य लागलं की सगळ्या घराला लागतं. वेगळं शिजवणं म्हणजे आजारी माणसाला खिजवल्यासारखं. तेव्हा आईनेही म्हावरं बंद केलं यात नवल ते काय? पुढे पावसाळा आला, बोटी बंद झाल्या. पावसात आई सुकटीवर, सुक्या बोंबलांवर निभावते, पण त्या वर्षी सुकं भरलंच नव्हतं. मग श्रावण आला, मग गणपती. कोणीही म्हावरं खात नसतंच, तेव्हा आईने खाल्लं नाही हे कळणार कोणाला?

आता आईचं पोट बाबांसारखं जगभर फिरलेलं नाही. तिचं माहेर मिरकरवाड्याचं, रत्नागिरीच्या मासळी बंदरावरचं. दूध तिला आवडत नाही, चहासुद्धा काळा पिते. डाळ खाल्ली की पोट फुगतं. कडधान्यांचा तर विषयच नको. भाजी म्हणजे तिच्या लेखी ताटातली शोभा. तिचं जेवण म्हणजे भात आणि म्हावरं, लहानपणापासून. त्यातलं म्हावरं काढलं की काय उरतं? भात आणि आमसुलाचं सार. तेच ती महिनोन्‌महिने जेवत होती.

ब्लाऊज सैल पडला त्याच आठवड्यात वैद्यबाईंनी बाबांना मोकळं केलं. "आता मुडदुशी सुरू करा," म्हणाल्या. मुडदुशी म्हणजे बारीक, हलकं म्हावरं, आमच्याकडे आजारातून उठलेल्याला आणि बाळंतिणीला तेच देतात. "तळायची नाही. साधं सार करायचं, तिखट बेताचं, आणि दुपारच्या जेवणात." मी मिरकरवाड्याला जाऊन ताजी मुडदुशी घेतली आणि तशीच माहेरी गेले. आईने सार केलं. बाबांनी पहिला घास घेतला. डोळे मिटून बसून राहिले. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या स्वतःच्या ताटात भात आणि आमसुलाचं सार.

"तुझं कुठाय?" मी विचारलं.

"मला नको आज."

"आज नको म्हणजे? आता कसलं पथ्य?"

"भूक नाय गो," म्हणाली, आणि पाणी आणायला म्हणून उठली ती भिंतीला धरून उभी राहिली. तिला घेरी आली होती. माझा जीवच गेला.

दुसऱ्याच दिवशी तिला ओढत वैद्यबाईंकडे नेलं. ओढत म्हणजे अगदी ओढत, "मला काय झालंय" हे तिचं रस्ताभर चालू होतं. बाईंनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी खाली करून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला पाठवलं. रक्त कमी निघालं. मग त्यांनी तिलाही जेवणाचं विचारलं. आई उत्तरं देत गेली आणि बाईंचा पेन थांबला.

"मासे कधीपासून बंद?"

"यांच्या काविळीपासून."

"अहो, पथ्य मी त्यांना सांगितलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

आई पदराच्या टोकाची घडी घालत बसली.

बाईंनी मग तिला शांतपणे समजावलं. म्हणाल्या, "ज्याच्यावर शरीर जन्मभर पोसलं, ते त्याचं सात्म्य. ते एकदम तोडलं की शरीर बावचळतं. यांना चार गोष्टी बंद केल्या तरी दुसऱ्या दहा पचतात. तुम्हाला दूध नको, डाळ सोसत नाही. तुमचं जेवण मासळीवरच उभं आहे. मी औषध देते, पण नुसत्या भातावर औषध तरी काय करणार? उद्यापासून मुडदुशी, खेकड्याचं सार, मिळेल ते. थोडं थोडं."

आईने मान हलवली. तिचं हे मान हलवणं मला लहानपणापासून माहीत आहे. त्याचा अर्थ "तुम्ही बोला, मी करणार नाही" असा असतो.

बाहेर रिक्षात बसल्यावर मी तिला सोडलंच नाही. "खरं सांग. का खात नाहीस?" तेव्हा कुठे म्हणाली, "मी देवीला बोललेय."

बोललेय म्हणजे नवस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा ही गावच्या देवळाकडे तोंड करून मनातल्या मनात बोलली होती: ह्यांना बरं कर, मी जन्माचं म्हावरं सोडलं.

माझा पारा असा चढला की रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. "तुला दुसरं काही सुचलं नाही? साखर सोडायचीस, चहा सोडायचास, टीव्हीवरची मालिका सोडायचीस! नारळ बोलायचास, साडी बोलायचीस! म्हावरं? तू?"

"आवडतं तेच द्यायचं असतं," आई म्हणाली. "पडवळ सोडलं म्हणून सांगितलं असतं तर देवीने जोड्याने मारलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांचे ते डोळे मी बघितले. तू मागाहून आलीस."

मला राग आला होता आणि तिला मिठी मारावीशीही वाटत होती. रिक्षात दोन्ही जमलं नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. आईला ते आवडलं नाही, पण मी सांगितलं. बाबा पडवीत कलमांना बांधायची सुतळी वळत बसले होते. त्यांनी सुतळी खाली ठेवली. "म्हणजे मी मिटक्या मारत होतो आणि ती..." एवढंच बोलले. मग म्हणाले, "देवीला विचारू. कौल लावू."

आई लगेच उसळली. "देवीशी घासाघीस करायची नसते! दिलं ते दिलं."

"घासाघीस नाय गो, विचारायचं फक्त. नाही म्हणाली तर नाही."

मी देवभोळी नाही, पण त्या दिवशी मीच पहिली चप्पल घालून तयार झाले. डॉक्टर, वैद्यबाई, मी, कोणाच्याही सांगण्याने आई घास तोंडात घालणार नव्हती. तिला सोडवू शकेल अशी एकच बाई होती आणि ती गाभाऱ्यात बसली होती.

आमच्या देवळात कौल लावतात तो असा: गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं देवीपुढे मांडतो, ज्याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि मग वाट बघायची. उजवी कळी पडली तर होय. डावी पडली तर नाही. गुरवाने आईकडून सगळं ऐकून घेतलं, तोंडातलं पान थुंकून चूळ भरून आला आणि कळ्या लावल्या. "बा महाराणी, तुझ्या लेकीने तुझ्यापाशी म्हावरं ठेवलेलं आहे, तुझ्या कृपेने तिचा घरधनी उठून बसलेला आहे, पण आता तीच अंथरुणाला टेकायला आली. तिचा शब्द तिला मोकळा करून दे, महाराणी." आम्ही सगळे गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणे "होय महाराजा" म्हणालो. मी तर जरा जोरातच म्हणाले.

कळी पडली. डावी.

आईने हात जोडले, जणू तिला माहीतच होतं. मला मात्र असा संताप आला, की देवी समोर उभी असती तर मी भांडले असते. हिला मारायचंय का तुला? असं मी मनात बोललेसुद्धा. देवळात हे बोलू नये, पण बोलले.

गुरव म्हणाला, "दिलेलं परत मागताय, रिकाम्या हाताने ती कशी देईल?"

तेव्हा बाबा पुढे झाले. इतका वेळ ते खांबाला टेकून उभे होते. आजारातून उठलेल्या माणसाची चाल असते तशा चालीने ते गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी आले आणि गुरवाला म्हणाले, "परत लाव. तिला सांग, तिच्या जागी मी सोडतो. जन्माचं. तिचं तिला दे."

"अहो!" आई ओरडली. देवळात एवढ्या मोठ्याने तिला मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "काय बोलताय? कालपरवा तर सुरू केलंत!"

"मला डाळ पचते," बाबा म्हणाले. "तुला पचत नाय."

"पण मी तुमच्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला. आता गप्प ऱ्हा, गाऱ्हाणं चालू आहे."

गुरवाने नव्या कळ्या लावल्या. पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या वेळी "होय महाराजा" म्हणताना आईचा आवाज आलाच नाही, ती पदरात तोंड घालून रडत होती. बराच वेळ काही हललं नाही. बाहेर कोणीतरी घंटा वाजवून गेलं. मी त्या उजव्या कळीकडे टक लावून बघत होते, आणि ती घसरली, देवीच्या हातावर थोडी अडली, आणि खाली पडली.

उजवा कौल. मी इतकी हसले की गुरवाने माझ्याकडे रागाने बघितलं.

घरी येताना आई बाबांशी एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुटला. मोठे आले सोडणारे! वर्षातले कितीतरी महिने बोटीवर असताना बांगड्यासाठी जीव टाकायचात, आता म्हातारपणी मी समोर बसून खाऊ आणि तुम्ही पडवळ चावत बसणार? मी करू कोणासाठी मग? घशाखाली उतरेल मला? बाबा ऐकत होते आणि मधेमधे "बरं" म्हणत होते. मला वाटलं, आता ही कौल मिळूनही खाणार नाही. मी धास्तावले. वैद्यबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाबांची काळजी करू नका. मूग, ताक, भाज्या, त्यांचं व्यवस्थित चालेल. पण आईंना आज खायला लावा. आणि रडून-भांडून नाही, मन शांत असताना. रागावून खाल्लेलं अंगी लागत नाही."

आता यांना शांतपणा कुठून आणू, सांगा! माझ्या घराण्यात तो माल मिळत नाही.

मी सरळ मिरकरवाड्याला गेले. बोटी नुकत्याच लागल्या होत्या, लिलाव संपत आला होता. मुडदुशी नव्हती. बांगडे होते, कडक, चकचकीत. वैद्यबाईंना परत विचारलं, चालेल का. म्हणाल्या, एक तुकडा, तिखट कमी, चालेल. मी ते नेऊन आईच्या पुढ्यात ठेवले आणि ओसरीवर जाऊन बसले. आतून विळीचा आवाज आला. मग पाट्यावर वाटण वाटल्याचा.

आईने दोन ताटं वाढली. माझं नाही, मला म्हणाली, "तू मागनं बस, मला मोजत बसू नको." बाबांच्या ताटात भात, मुगाची आमटी, पडवळाची भाजी. तिच्या ताटात भात आणि तिरफळ घातलेलं कालवण, वाफ निघत असलेलं. ती बसली, पण हात भातातच. घास करायची, मोडायची. बाबा आपलं जेवायला लागले. एक घास, दोन घास. मग हळूच पाट सरकवून तिच्या बाजूला आले, मान पुढे केली आणि तिच्या ताटावर लांब श्वास घेतला. डोळे मिटून, अगदी छाती भरून. मग आपला मूगभाताचा घास तोंडात घातला.

"काय करताय हे?" आई म्हणाली. "सोडलंत ना देवीपुढे?"

"खायचं सोडलंय," बाबा म्हणाले. "वासाचं मी काय बोललो नाय."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडते की हसते ते मला दारातून कळेना. मग तिने आपलं ताट उचललं, दोघांच्या मध्ये, त्यांच्या अगदी नाकाखाली ठेवलं, आणि तिथून पहिला घास खाल्ला.